मदत हवी आहे: ३८० चौरस फूट, दीड लाख रुपये आणि सासूबाईंचे गुडघे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, लिहायची वेळ आज आली.

कल्याणला आमच्या फ्लॅटचा ताबा मे महिन्यात मिळाला. वन बीएचके, रेरा कार्पेट (म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतली जागा) ३८० चौरस फूट. हॉल १० बाय १४, बेडरूम १० बाय ११, स्वयंपाकघर ७ बाय ९. उरलेल्यात संडास, बाथरूम आणि एक बोळ, ज्याला बिल्डर पॅसेज म्हणतो. राहणार आम्ही दोघं, पाच वर्षांची लेक आणि गणपतीनंतर कायमच्या सासूबाई. हप्ता सुरू झालाय, जुन्या घराचं भाडंही चालू आहे. हातात आहेत दीड लाख. कर्ज वाढवायचं नाही आणि सोनं मोडायचं नाही, यावर नवराबायकोचं एकमत आहे. (एवढ्याच एका गोष्टीवर.)

इंटिरियरवाल्याने ४ लाख १८ हजारांचा कागद दिला. त्यात फॉल्स सीलिंग, आणि टीव्हीमागे एक पॅनेल जे टीव्हीपेक्षा महाग. मग ओळखीचा सुतार आणला. तो म्हणाला, नुसता वॉर्डरोब सात बाय सात, १,२५० रुपये चौरस फूट. म्हणजे ६१,२५० एका कपाटाचे!

घरात आहे ते असं: १९० लिटरचा फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. शिवाय वाईजवळ गावच्या घरात सासऱ्यांचा सागवानी पलंग, साडेसहा बाय पाच. सासूबाईंनी काहीच मागितलेलं नाही. फक्त "पलंगाला वाळवी नाही हो लागलेली" हे फोनवर तीनदा सांगून झालंय.

सासूबाई हॉलमध्ये झोपणार. नवरा सोफा-कम-बेड घेऊ म्हणतोय, मला ते पटत नाही पण नीट कारण सांगता येत नाही. कपाट सुताराकडून करावं की तयार घ्यावं? ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसतात ती पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) असतात, ती आपल्या पावसात टिकतात का? आणि आधी काय घ्यावं, नंतर काय? कृपया "बजेट वाढवा" हा सल्ला देऊ नये.

कुंडीतली_तुळस: अभिनंदन! सोफा-कम-बेड नको, कारण मी सांगते. आमच्याकडे आईसाठी घेतला होता. रोज रात्री टीपॉय सरकवा, तो ओढा, गादी घाला, सकाळी उलटं. पंधरा दिवसांनी तो कायमचा उघडाच राहिला. दहा फुटी हॉलमध्ये तो सहा फूट खातो, मग रात्री संडासला जायची वाट अंधारात त्याच्या कडेकडेने. शिवाय बहुतेक मॉडेलं बुटकी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड फुटाची उंची लागते, नाहीतर उठताना आपला हात धरावा लागतो आणि त्याचा त्यांना संकोच वाटतो. सरळ सहा बाय तीनचा दिवाण घ्या, आत सामान ठेवायच्या सोयीचा. दिवसा बैठक, रात्री बिछाना. पाठीला लोड-तक्के.

रंधा: प्लायबद्दल. साधा प्लाय एमआर (दमटपणाला टिकणारा), त्यावरचा बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणारा), हे दोन्ही आयएस ३०३ या सरकारी मानकात येतात. मरीन म्हणजे आयएस ७१०. सुतार तुम्हाला घरभर मरीन सुचवेल, नका ऐकू. सिंकखाली तेवढं मरीन, बेडरूमला बीडब्ल्यूआर पुष्कळ झालं. पार्टिकल बोर्डाचं म्हणाल तर ते दमट हवेपेक्षा पाण्याने लवकर मरतं. कडेची पट्टी सुटली, फरशी पुसताना पाणी आत गेलं की खालची फळी बिस्किटासारखी फुगते, आणि एकदा फुगली की बिजागरीचा स्क्रू परत धरत नाही. घ्यायचंच तर पाय असलेलं घ्या. पण तुमच्या पैशात मी लोखंडी कपाट घेईन. शिफ्टिंगलाही रडत नाही.

बेडरूमचं गणित मात्र आधी करा. अकरा फुटांत कपाट दोन फूट, पलंग साडेसहा, उरले अडीच. कपाटाचं दार दीड फूट उघडणार, राहिलेल्या एका फुटात तुम्ही उभ्या. पलंग दहा फुटी बाजूला आडवा लावून बघा.

सातबावन्नची_लोकल: उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे, ऑनलाइन कशाला बघताय? दिवाणाचे मी गेल्या वर्षी तेरा हजार दिले. पहिल्या दुकानात घेऊ नका, आणि बसून, हलवून, खालून वाकून बघा. वरून सगळे सारखेच दिसतात.

दुसरं, भिंतीत एक खिळा ठोकून बघा. वाकला तर मिवानचं बांधकाम, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. तिथे नवीन पॉइंटसाठी भिंत फोडता येत नाही. फ्रिज, टीव्ही, मशीन हे प्लग असतील तिथेच बसणार, त्याप्रमाणे मांडणी ठरवा. पडद्याच्या रॉडलाही हॅमर ड्रिलवाला लागतो, त्याला एकदाच बोलावून सगळी भोकं पाडून घ्या.

रंधा: एक राहिलं. हा तुमचा पहिला पावसाळा. बाहेरच्या भिंतीला चिकटून काहीही फिक्स करू नका, सप्टेंबरपर्यंत थांबा. ओल आली तर बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. कपाटामागे ओल लपली तर तुम्हाला कळेल ती कपड्यांना बुरशी आल्यावर.

धागाकर्ती: सगळ्यांना मनापासून धन्यवाद. खिळा वाकला. मिवानच आहे.

काल नवऱ्याला हॉलमध्ये फरशीवर खडूने सोफा-कम-बेड काढून दाखवला, उघडलेला. तो दोनदा त्यावरून चालला आणि म्हणाला दिवाण बघू. लेकीने त्यात लगेच लंगडी सुरू केली.

मोघम आकडे: दिवाण १४ हजार, लोखंडी कपाट १८, ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या २२ (सगळीकडे नाही, फक्त डबे आणि भांडी, सिलिंडरपुढे पडदाच), तीन पंखे ९, पडदे आणि रॉड ८, दोन गाद्या १२. झाले ८३. बाकीचे ६७ पावसाळा संपेपर्यंत बँकेत. टीव्ही सध्या फ्रिजच्या खोक्यावर.

पलंग आणायचा ठरलाय. दिराने मोजून कळवलं, डोक्याकडची फळी पाच फूट रुंद, साडेतीन फूट उंच, पण सगळा खाचेत बसवलेला आहे, सुटा होतो. लिफ्टचं दार ३१ इंच, फळी उभी तिरकी करून जाईल असं वाटतंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "कशाला एवढा खर्च." मग पाच मिनिटांनी परत फोन, की त्याचे खूर जुन्या साडीत गुंडाळून आणा, ओरखडे पडतात.

वाईहून कल्याण-डोंबिवलीकडे रिकामा परतणारा टेंपो कुणाच्या माहितीत आहे का? पूर्ण गाडीचं भाडं पलंगापेक्षा जास्त सांगतायत.