आदित्य एल-१ सूर्यापासून इतकं लांब का थांबवलंय? आणि पार्कर यान वितळत कसं नाही?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गात सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा, विषय निघाला आणि मुलांनी दोन प्रश्न विचारले, त्यांची वरवरची नाही, नीट उत्तरं हवी आहेत. एक म्हणजे नासाचं पार्कर सोलर प्रोब सूर्याच्या करोनात, म्हणजे त्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणात, शिरून आलं, करोनाचं तापमान दहा लाख अंशांच्या वर, मग ते वितळलं कसं नाही. आणि दुसरा, आपलं आदित्य एल-१ पृथ्वीपासून १५ लाख किमीवर आहे आणि सूर्य १५ कोटी किमीवर, म्हणजे शंभरातला एक हिस्सा रस्ता कापला आणि तिथेच थांबलं. एक मुलगा म्हणाला, मॅडम आपल्याला पुढे जायला जमलं नाही का? त्याला पटेल असं काहीतरी सांगायचंय.

उत्तररात्र:
ताई, पहिल्याचं सांगतो. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात, त्यांचं तापमान हजार अंशांच्या आसपास असतं तरी हात भाजत नाही, कारण ठिणगीत जीवच इतका कमी की ती द्यायची म्हटली तरी किती उष्णता देणार. करोनाचं तेच आहे, कण प्रचंड वेगात आहेत म्हणून तापमान लाखांत, पण ते इतके विरळ आहेत की यानाला तापवायला पुरतच नाहीत. खरा ताप आहे तो उन्हाचा. २४ डिसेंबर २०२४ ला पार्कर सूर्याच्या पृष्ठभागापासून फक्त ६१ लाख किमीवरून गेलं, तिथे ऊन आपल्याकडच्या जवळपास पावणेपाचशे पट. त्यासाठी समोर साडेअकरा सेंमी जाडीची ढाल आहे, दोन कार्बनच्या पत्र्यांमध्ये कार्बनचाच फोम, आणि त्या फोममध्ये ९७ टक्के नुसती पोकळी. सूर्याकडची बाजू पांढऱ्या सिरॅमिकने रंगवलीय. ढाल पुढून हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिच्या सावलीतली यंत्रं साधारण आपल्या खोलीतल्या तापमानाला असतात.

मला सगळ्यात भारी काय वाटतं तर सोलर प्रोब कप नावाचं एक यंत्र सावलीत नाहीच, ते मुद्दाम ढालीच्या बाहेर काढलंय, कारण सौरवारा थेट तोंडावर घेतल्याशिवाय मोजणार कसा. साध्या वायरी तिथे वितळल्या असत्या म्हणून नायोबियमच्या वायरी घेतल्या आणि त्यांना प्लास्टिकचं वेष्टण चालणार नाही म्हणून नीलमाच्या स्फटिकाच्या नळ्या वाढवून त्यातून त्या ओवल्या. हे मुलांना नक्की सांगा.

अजून एक, सूर्याजवळ असताना यानाला रिमोटवर चालवता येत नाही, सिग्नलला जायलाच आठ मिनिटं लागतात आणि जवळून जाताना संपर्कही तुटलेला असतो. सावलीच्या कडेला मोबाइलच्या अर्ध्या आकाराचे सेन्सर लावलेत, त्यातल्या एकावर जरी ऊन पडलं तर यान स्वतःच स्वतःला सरळ करतं. डिसेंबरच्या त्या फेरीनंतर सगळे दोन दिवस थांबले होते, २६ तारखेला रात्री मी ठीक आहे एवढं सांगणारा सिग्नल आला.

सह्यकडा:
वरच्या प्रतिसादाला +१. आणि जवळ जायला जमलं नाही का याचं उत्तर असं की सूर्यावर पडणं हे फार अवघड काम आहे, लोकांना उलट वाटतं. पृथ्वी सेकंदाला ३० किमीने सूर्याभोवती फिरतेय, तिच्यावरून सोडलेलं यानही तोच वेग घेऊन निघतं, तो वेग मारल्याशिवाय ते आत पडतच नाही. म्हणून पार्करला २०१८ मध्ये डेल्टा ४ हेवीसारख्या दांडग्या रॉकेटवर बसवलं आणि तरी शुक्राजवळून सात वेळा नेऊन थोडा थोडा वेग काढून घ्यावा लागला, शेवटची शुक्रभेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. सहा वर्षं लागली हो. पण आदित्यचं काम ते नव्हतंच, त्यामुळे जमलं नाही हा प्रश्न येत नाही.

एल-१ हा सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधला एक बिंदू, तिथे दोघांच्या ओढीचा असा मेळ बसतो की यान वर्षभर दोघांच्या मधल्या रेषेजवळ राहतं, म्हणजे सूर्य चोवीस तास समोर, ग्रहण नाही, रात्र नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला बाहेरच्या बाहेर वळवतं, त्यामुळे जमिनीवरून किंवा जवळच्या कक्षेतून तो ताजा वारा हाती लागतच नाही, तो मोजायचा तर त्या कवचाच्या बाहेर उभं राहायला हवं. नासा आणि युरोपचं सोहो हे सूर्य बघणारं यान १९९६ पासून तिथेच आहे, आदित्य ६ जानेवारी २०२४ ला पोचलं. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने केलेली सूट दुर्बीण त्यावर आहे, ती अतिनील प्रकाशात अख्ख्या सूर्याचे फोटो काढते. तो अतिनील प्रकाश बहुतेक ओझोनमध्येच अडतो, जमिनीवरून कितीही मोठी दुर्बीण लावा, दिसणार नाही.

गोदाकाठ:
खूप छान, दोघांचे आभार. पण मग एक शंका. सूर्यावर स्फोट झाला की तो दुर्बिणीत दिसतो, त्यातून बाहेर फेकलेल्या तप्त कणांचा ढग निघालेलाही दिसतो, पोचायला एक ते तीन दिवस लागतात असं वाचलं. मग एल-१ ला वारा मोजून नवीन काय कळतं, तिथून पृथ्वीपर्यंत तो तासाभरात येणारच ना?

सह्यकडा:
ताई, हाच मुद्दा आहे सगळ्याचा. लांबून ढगाचा आकार कळतो, वेग कळतो, दिशा कळते. पण त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलंय की दक्षिणेकडे हे फोटोत दिसत नाही, आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, किती मोठं होणार ते बरंचसं त्यावरच ठरतं. क्षेत्र दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत ओतली जाते, उत्तरेकडे असेल तर तोच ढग बराचसा बाजूने निघून जातो. हे मोजायला चुंबकमापी प्रत्यक्ष त्या वाऱ्यात असावा लागतो. आदित्यने त्यासाठी ६ मीटरचा दांडा बाहेर काढलाय, कारण यानाच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचं क्षेत्र मधे येतं. सेकंदाला ४०० किमीचा वारा १५ लाख किमी यायला तासभर घेतो, जोराचा असेल तर अर्ध्या तासातच हजर. तेवढ्यातही वीज मंडळं ग्रिडवरचा भार कमी करू शकतात. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्यूबेकचं ग्रिड दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. आणि वादळ मोठंच असावं लागतं असंही नाही, फेब्रुवारी २०२२ मध्ये अगदी साध्या वादळाने वातावरण फुगलं आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी ३८ उपग्रह खाली येऊन जळून गेले.

अलिबागकर:
या धाग्यावर मुंबईचं नाव यायलाच हवं. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर पांढरा झोत पाहिला, साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर आदळलं, आणि त्यावेळी कुलाब्याच्या वेधशाळेत लोक चुंबकाची सुई हाताने, डोळ्यांनी वाचून वहीत नोंदवत होते. नेहमी तासाला एक नोंद, वादळ सुरू झालं की पाच-पंधरा मिनिटांनी एक. त्या नोंदींत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण सापडते. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि मुंबईच्या भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना वगैरेंनी त्याच नोंदी घेऊन कॅरिंग्टन वादळाचा अभ्यास केला, आज जगभरात तो आकडा सांगतात तो कुलाब्याचा आहे. मे २०२४ च्या वादळात, ज्यात लडाखच्या हानलेतून आकाश लाल दिसलं, हीच घसरण मोजणारा जागतिक सरासरी निर्देशांक साधारण उणे ४०० नॅनोटेस्लापर्यंत गेला होता. कुलाब्याचा आकडा एकाच ठिकाणचा आहे म्हणून थेट तुलना करू नये, पण अंदाज येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, सुया हलणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, ती आजही चालू आहे.

उत्तररात्र:
वा, हे फारच मोलाचं. ताई, नववीच्या मुलांना युजीन पार्करचीही गोष्ट सांगा, ज्या शास्त्रज्ञाचं नाव यानाला दिलंय. १९५८ मध्ये त्याने कागदावर गणित मांडलं की करोना इतका तापलेला आहे की सूर्याचं गुरुत्व त्याला धरून ठेवू शकत नाही, तो सतत बाहेर वाहणारच. दोन्ही परीक्षकांनी लेख नाकारला. संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडली नाही म्हणून त्यांनी लेख छापला. चार वर्षांत शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ ने वारा मोजलाच. पार्कर स्वतः २०१८ चं उड्डाण बघायला हजर होते. आणि २८ एप्रिल २०२१ ला पार्कर यानाने ती सीमा ओलांडली जिच्या आत वारा अजून सूर्याच्या चुंबकीय पकडीत असतो. वाटेत अचानक उलटे वळणारे चुंबकीय पट्टे खूप सापडले, स्विचबॅक म्हणतात त्यांना, ते नेमके कसे तयार होतात यावर अजून वाद चालू आहे, मुलांना तेही सांगा.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी कुलाब्याच्या नोंदींपासूनच सुरुवात करते. मुलांना स्वतः बघता येईल असं काही आहे का?

सह्यकडा:
आहे ना. सोहोच्या साइटवर लास्को कॅमेऱ्याची रोजची चित्रं मिळतात, १० मे २०२४ च्या आधीचे तीन दिवस काढा आणि ढग एकामागून एक निघताना दाखवा. आदित्यचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहे, तिथे नोंदणी करावी लागते, ते शाळेच्या कॉम्प्युटरवर आधीच करून ठेवा.