गवंडीकाम: तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

मातीगंध
काल शेजारच्या बांधकामावर एक जण दोन विटा एकमेकींवर आपटून बघत होता, आणि दादा आठवले. वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो. पक्की भाजलेली वीट खणखणीत वाजते, कच्ची बद्द. हे मला त्यांनी शाळेत जायच्या आधीच शिकवलं. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली बिगारी. विटा हौदात भिजवून द्यायच्या, नाहीतर कोरडी वीट मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक आला तरी दादा थर उतरवायचे, मालक बघत नसला तरीही.
तुमच्याकडे कुणी गवंडी असेल तर लिहा ना.

कृष्णाकाठ
भिंत उभी सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधतात तो ओळंबा वारा असला की हलतो. मामा तो पाण्याच्या बादलीत सोडायचे, लगेच स्थिर. बाकी सवडीने, एसटी आली.

रानजाई
आईनं 20 वर्षं घमेली वाहिली. विटकामाला 1 सिमेंट 6 वाळू, गिलाव्याला 1 ला 4, सगळं तिला तोंडपाठ. माल घट्ट झाला की गवंड्याच्या आधी तिला कळायचं. थापी मात्र कुणी कधी हातात दिली नाही. बाईमाणूस म्हणून कायम बिगारीच, आणि हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, गवंड्याच्या निम्मी. मला अजून राग येतो.

मातीगंध
रानजाई, खरंय. दादांच्या हाताखाली पण बायकाच असायच्या, मी कधी असा विचारच केला नव्हता.

थापीवाला
मी स्वतः गवंडी, 14 वर्षं झाली. आधी कोपरे उचलायचे मग दोरी बांधायची. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात नसेल तर पुढे फरशीवाला पण रडतो. सांधमोड सांभाळायची, सांध्यावर सांधा आला की भेग सरळ वर चढते. 4 इंची भिंत एका दिवसात जास्त चढवू नका, ओला माल दबतो. जेवायची सुट्टी संपली, येतो.

कृष्णाकाठ
रानजाई, आईची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? 60 च्या आत असतील तर होते. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

रानजाई
58 आहे. पण गुडघ्यांमुळे दोन वर्षं काम बंद, दाखला कुठला मिळणार.

थापीवाला
सिमेंटनं बोटं फुटतात त्यावर काय लावता? खोबरेल लावून झालं.

रानजाई
आई आमसुलाचं तेल कोमट करून लावायची. कोकणातल्या मावशी पाठवायच्या. बघा लावून.