पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे हे बघितलं कुणी?

डिचोलीकर: भाची नववीत आहे, काल विचारते मामा आपल्या खाणीतलं लोखंड पृथ्वीच्या गाभ्यातून वर आलं का, मी गप्पच. मुळात कोणी आत गेलंच नाही तर आत लोखंड आहे हे कशावरून सांगतात?

दगडधोंडे: गेलं नाही हे खरंच, रशियात कोलाला सगळ्यात खोल भोक पाडलं ते १२ किमीच्या जरा वर, आणि केंद्र ६३७१ किमीवर! सगळं भूकंपाच्या लाटांवरून काढलंय. त्यातल्या एस लाटा, म्हणजे आडव्या हलवणाऱ्या, द्रवातून जात नाहीत, बाह्य गाभ्यात त्या अडतात म्हणून तो वितळलेला. आतला घन गोळा इंगे लेमान या डॅनिश बाईंनी १९३६ला ओळखला, भूकंपाच्या पलीकडच्या बाजूला जिथे पी लाटा (दाबाच्या, द्रवातूनही जाणाऱ्या) पोचायलाच नको होत्या तिथे त्या नोंदल्या गेल्या होत्या एवढ्यावरून. कमाल बाई.

फोंड्याचा भाऊ: पण लोखंडच का? शिसं का नाही?

दगडधोंडे: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.५ पट, वरच्या खडकाची ३ पटीच्या आत, म्हणजे आत जड काहीतरी हवंच, आणि विश्वात जड धातूंमध्ये लोखंडच मुबलक, लोखंडी उल्कापण त्याच्याच नि निकेलच्या. पण गाभा शुद्ध लोखंडापेक्षा थोडा हलका भरतो, त्यात गंधक, सिलिकॉन की ऑक्सिजन यावर अजून भांडणं चालूयत.

डिचोलीकर: आणि आमचं खनिज?

दगडधोंडे: ते जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेलं रे, गाभ्याचा संबंध नाही.