माहिती अधिकाराची वार्षिक आकडेवारी थकवणाऱ्या विभागाला दंड हवा का?

नोंदवही: माहिती अधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे राज्य माहिती आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. त्यासाठी अखत्यारीतल्या सगळ्या कार्यालयांची माहिती गोळा करून देणं विभागांवर बंधनकारक आहे: अर्ज किती, नकार किती व कोणत्या कलमाखाली, अपिलं, शिस्तभंगाची कारवाई, जमा शुल्क. नाही दिली तर काय होतं? आयोग कलम २५(५) खाली फार तर शिफारस करतो. कलम २० चा दंड (रोज २५० रुपये, कमाल २५,०००) एखाद्या अर्जाबाबत चुकलेल्या जन माहिती अधिकाऱ्यापुरता आहे. तसाच दंड इथेही हवा.

आवक_जावक: अजिबात नको. दंडाच्या धाकाने तक्ते वेळेवर येतील, पण आत काय असेल? जिल्हाधिकारी कार्यालयात आलेला अर्ज कलम ६(३) खाली तहसीलला वर्ग होतो. दोन्हीकडे आवक नोंद होते आणि विभागाच्या बेरजेत एकाचे दोन अर्ज होतात. कलम १० खाली अर्धी माहिती दिली, तर तो नकार धरायचा की नाही, हे प्रत्येक कारकून आपल्या मनाने ठरवतो. शुल्काचं तर विचारूच नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेल्या अर्जाचे पैसे कार्यालयाच्या रोकडवहीत येतच नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. त्यामुळे अर्ज गुणिले दहा हा हिशेब कधीच जुळत नाही, मग कोणीतरी तो जुळवून टाकतो.

नोंदवही: ‘वर्ग केलेले’ असा वेगळा रकाना ठेवा, दुहेरी मोजणी संपली. शुल्क रोख, स्टॅम्प, ऑनलाइन असं तोडून मागा. सदोष तक्ता हे तक्ता न देण्याचं कारण कसं होईल?

कलम_चार: दोघेही कलम १९(८)(क) विसरताय. अपिलाच्या निर्णयात आयोग त्या प्राधिकरणाकडून कलम ४(१)(ख) च्या, म्हणजे कार्यालयाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याच्या तरतुदीच्या, पालनाचा वार्षिक अहवाल मागवू शकतो. सतरा बाबी, दरवर्षी अद्ययावत करायच्या. हा अधिकार आधी वापरा.

आवक_जावक: अपील आलं तरच ना! आणि दंड नेमका कोणाला? तालुक्यातून तक्ता आला नाही म्हणून मंत्रालयातल्या उपसचिवाला?

नोंदवही: हो, त्यालाच. गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने विभागावर टाकली आहे. निदान किती कार्यालयांकडून तक्ते आले, किती निरंक (एकही अर्ज नाही असे), किती आलेच नाहीत, एवढं तरी त्याने सहीनिशी लिहावं. आज निरंक आणि न आलेला तक्ता बेरजेत सारखेच दिसतात.

आवक_जावक: या सहीला माझी हरकत नाही. दंडाला आहे.