पहिल्यांदा बघतानाच भिडला पाहिजे: हॉलिवूडपटांबद्दल एका साध्या प्रेक्षकाची मतं

शनिवारचा प्रेक्षक

मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. पतसंस्थेत नोकरी करतो, आठवडाभर आकडेमोड असते आणि शनिवारी रात्री जेवणं आटोपली की घरी एक इंग्रजी चित्रपट लागतो. सोबत वडील असतात. त्यांनी उभं आयुष्य मालट्रकवर काढलं, इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं. पण चित्रपटात काय चाललंय हे त्यांना माझ्याआधी कळतं, असं मला कितीदा तरी जाणवलंय.

एवढ्या शनिवारांनंतर माझं एक मत पक्कं झालंय. चित्रपट पहिल्यांदा बघतानाच भिडला पाहिजे. दुसऱ्यांदा बघताना तो आणखी आवडला तर उत्तमच. पण 'परत बघा, मग कळेल' असं ज्याच्याबद्दल सांगावं लागतं, तो माझ्या लेखी फसलेला चित्रपट.

1975चा 'जॉज' घ्या. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, त्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच आला नाही. तासभर उलटून गेला तरी शार्क धड दिसत नाही. दिसतं ते पाणी, शार्कला अडकवलेली पाण्यावरची पिवळी पिंपं, आणि ऐकू येतात संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. पुढे एक पिंप झपकन पाण्याखाली जातं तेव्हा आमचे वडील पलंगावर उठून बसले. एक शब्दही कळायची गरज पडली नाही.

'जुरासिक पार्क'चंही तेच. सव्वादोन तासांहून थोड्या कमी लांबीच्या या चित्रपटात डायनासोर मोजून पंधरा मिनिटं दिसतात, आणि त्यातही संगणकावर केलेली दृश्यं सहा-एक मिनिटांची. बाकी सगळं स्टॅन विन्स्टनच्या मंडळींनी हातांनी घडवलेलं. 1994 साली हिंदीत आला तेव्हा आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये आईच्या मांडीवर बसून बघितला होता. पेल्यातल्या पाण्यावर उठणारी ती वर्तुळं मला अजून तशीच्या तशी आठवतात.

आणि 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. 1957चा, कृष्णधवल, 96 मिनिटं. एक खोली, खटल्याचा निकाल देणारे बारा ज्युरी, आणि अठरा वर्षांच्या पोराच्या जिवाचा प्रश्न. आपल्याकडे त्यावरूनच 'एक रुका हुआ फैसला' झाला.

आता न आवडलेले. 'टेनेट' दोनदा बघितला. दोन्ही वेळा डोक्यावरून गेला, शिवाय पात्रं काय बोलतात तेही नीट ऐकू येत नाही. 'डंकर्क'मध्ये कोण कुठे आहे आणि दिवस आहे की रात्र, हेच मला लागेना. 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' हा मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या मालिकेतला बाविसावा चित्रपट. आधीचे एकवीस न बघता बसलो तर तीन तास परक्याच्या लग्नात जेवल्यासारखं झालं. 'टायटॅनिक'ची पहिली निम्मी प्रेमकथा मला फार साधी वाटली, जहाज बुडायला लागल्यावर मात्र नजर हलली नाही.

मत वेगळं असेल तर जरूर लिहा, फक्त कारण द्या.

रात्रपाळी

कारणच देतो. 'डंकर्क'च्या सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं: धक्क्यावर एक आठवडा, समुद्रात एक दिवस, आकाशात एक तास. तीन वेगवेगळे काळ समोर ठेवलेत आणि दिग्दर्शक नोलन ते एकमेकांत गुंफत नेतो. तसं का, तर अडकलेल्या सैनिकाला आठवडा जितका लांब वाटतो तितकाच वैमानिकाला तो एक तास वाटतो. दुसऱ्या महायुद्धात, 1940च्या मे-जूनमध्ये, फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून तीन लाख 38 हजारांहून अधिक सैनिक बाहेर काढले गेले. ती गोष्ट सरळ तारीखवार सांगितली असती तर माहितीपट झाला असता. चित्रपट जेमतेम 106 मिनिटांचा आहे, संवाद अगदी मोजके. म्हणजे तुमच्या वडिलांसाठी 'जॉज'इतकाच सोपा. ती एक ओळ वाचायची राहिली असणार, एवढंच.

नोलनचाच 'इंटरस्टेलर' तुम्ही शिताफीने वगळलात. त्यातल्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं. हे असं का होतं, ते मला आजही दुसऱ्याला समजावता येणार नाही. पण अंतराळवीर तिथून यानात परत येतात तेव्हा 23 वर्षं उलटून गेलेली असतात, आणि बाप बसून पोरांचे साठलेले निरोप बघतो. लहान मुलगा बघता बघता बापाएवढा होतो. ते दृश्य कळायला कुठलं विज्ञान लागतं? न समजणंही चित्रपटाचा भाग असू शकतं. सगळं पहिल्याच दिवशी उलगडलं पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

मालिकावेडी

काका, 'एंडगेम'बद्दल तुम्ही बोललात ते मला लागलं. अकरावीची परीक्षा संपली आणि एप्रिल 2019मध्ये पहिल्या दिवशी आम्ही आठ मैत्रिणींनी तो बघितला. तुम्ही एकविसाव्या प्रकरणापर्यंतची पानं फाडून कादंबरी वाचायला घेतली आणि म्हणताय की कळली नाही.

एकच उदाहरण देते. 2015च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन' या भागात सगळे सुपरहिरो गमतीत थॉरचा हातोडा उचलायला बघतात. जो लायक असेल त्यालाच तो उचलता येतो. कुणालाच जमत नाही. कॅप्टन अमेरिकाच्या हातात मात्र तो किंचित हलतो, आणि थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर मावळतं. बस्स. चार वर्षं त्यावर कुणी काही बोललं नाही. 'एंडगेम'मध्ये तोच हातोडा कॅप्टनच्या हातात येतो तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं होतं. माझी मैत्रीण रडत होती. इतकी वर्षं वाट बघितल्याचा आनंद एका शनिवारच्या चित्रपटात कसा मिळेल? आमची आजी तिच्या मालिकेतल्या सुनेसाठी तीन वर्षं थांबली होती. तिला कुणी म्हणत नाही की मालिका फसली.

शनिवारचा प्रेक्षक

मालिकावेडी, तुझा आनंद खरा आहे, तो मी खोटा म्हणत नाही. पण तो एका चित्रपटाचा आनंद नाही, बावीस चित्रपटांचा आहे. तिकीट मात्र एकाच चित्रपटाचं काढलेलं असतं. कादंबरीची सगळी प्रकरणं एका पुस्तकात मिळतात. इथे अकरा वर्षं पसरलेले चित्रपट शोधून काढायचे आणि बघायच्या क्रमासाठीही कुणाला तरी विचारायचं. ज्याला आठवड्याला एकच रात्र मिळते त्याच्यासाठी हे दार बंदच.

रात्रपाळी, 'इंटरस्टेलर' मी वगळला कारण तो माझ्याच बाजूचा आहे. निरोपांच्या दृश्यात वडिलांनी डोळे पुसले होते, आणि ते पहिल्याच वेळी. 'टेनेट'मध्ये असा एक तरी माणूस दाखवा की ज्याच्यासाठी जीव तुटतो. त्यातली एक बाई सुरुवातीलाच सांगते की समजायचा प्रयत्न करू नका, अनुभवा. अनुभवायला माणूस तर हवा ना! अर्धी मुंबई त्यात आहे, डिंपल कपाडियांना एवढी चांगली भूमिका आहे, तरी मला त्या चित्रपटात परकंच वाटलं.

चौथी रांग

मुद्दा बरोबर मांडलात, पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' म्हणजे दीड तास नुसतं बोलणं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला त्यात काय भिडणार? म्हणजे निकष 'पहिल्यांदा कळणं' हा नाहीच. दिग्दर्शक सिडनी लुमेटने त्यात कॅमेरा हळूहळू खाली आणत नेला आणि भिंगं बदलत गेला. सुरुवातीला खोली मोकळी वाटते, शेवटी भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. पहिल्यांदा बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण जीव गुदमरतो. मला वाटतं तुम्हाला आवडतं ते हे: शरीराला आधी कळतं, डोक्याला नंतर.

तसं असेल तर 2015चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' बघाच. नामिबियाच्या वाळवंटात चित्रित झालेला, जवळजवळ पूर्ण चित्रपट म्हणजे एक पाठलाग. मार्गारेट सिक्सेलने संकलन केलंय, त्याला ऑस्कर मिळालं. दृश्यं भराभर बदलतात, पण महत्त्वाची गोष्ट प्रत्येक वेळी चौकटीच्या मधोमध ठेवलेली असते. त्यामुळे डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. आजकालच्या मारामाऱ्यांत कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, त्यांनी हे शिकायला हवं. वडील ट्रकवर होते म्हणालात, म्हणून मुद्दाम सुचवतो. त्यातलं मुख्य वाहन म्हणजे एक अजस्र टँकर आहे.

सांजवात

'टायटॅनिक'ची प्रेमकथा साधी आहे हे मान्य. 14 नामांकनं मिळाली, 11 ऑस्कर मिळाली, पण पटकथेला नामांकनसुद्धा नव्हतं. तरी ती साधी आहे म्हणूनच बुडणारं जहाज आपल्याला लागतं, असं माझं म्हणणं. दीड तास त्या जिन्यावरून, जेवणघरातून, खालच्या वर्गातल्या नाचातून दिग्दर्शक जेम्स कॅमेरून आपल्याला फिरवतो. मग त्याच जिन्यावर पाणी येतं. घर माहीत झाल्याशिवाय घर बुडाल्याचं दुःख कसं होईल?

आणि शेवटी तरंगणाऱ्या फळीवर नायक-नायिका दोघं मावली असती का, हा वाद कृपया इथे नको. खुद्द कॅमेरूनने थंड पाण्यात माणसं उतरवून त्याच्या चाचण्या घेतल्या आणि 2023मध्ये त्या माहितीपटात दाखवल्या, तरी लोक थांबत नाहीत.

दिवा मालवू नका

सगळे मोठ्या चित्रपटांवर बोलताय, भयपटांचं नाव कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. पहिल्यांदा भिडणं म्हणजे काय ते भयपटाला सर्वांत चांगलं ठाऊक असतं, कारण त्याला दुसरी संधीच नसते.

2018चा 'अ क्वाएट प्लेस' बघा. आवाज केला की मरण, एवढा एकच नियम. दीड तासाचा चित्रपट. जिन्याच्या पायरीतला एक खिळा वर आलेला आपल्याला दिसतो, घरातल्यांना नाही, आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी कुणी जिना उतरलं की आपलेच तळपाय आखडतात. मोठ्या मुलीचं काम मिलिसेंट सिमंड्सने केलंय. ती स्वतः कर्णबधिर आहे. चित्रपट तिच्या बाजूने बघायला लागला की सगळा आवाज बंद होतो. माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. घरात त्याच्या पाठीमागे काय घडतं ते त्याला कळत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले, पण ते कसं वाटत असेल हे मला पहिल्यांदा त्या चित्रपटात कळलं. त्या कुटुंबाला खुणांची भाषा येते म्हणून ते जगतात. भावाने हा चित्रपट चार वेळा बघितला आहे.

परदेशी पाहुणा

'पहिल्यांदा भिडणं' हा निकष 'शॉशँक रिडेम्प्शन'ला लावून बघा. 1994 साली तिकीटखिडकीवर पडला. सात नामांकनं, एकही ऑस्कर नाही. समोर 'फॉरेस्ट गम्प' आणि 'पल्प फिक्शन' होते. नंतर व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणीवर लोकांनी तो परत परत बघितला आणि आज तो सगळ्यांच्या याद्यांत वर असतो. काळाने दिलेली दुसरी संधी नसती तर हा चित्रपट कुणाला आठवलाही नसता.

चौथी रांग

लोक पहिल्यांदा बघायलाच गेले नाहीत आणि पहिल्यांदा बघून आवडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'शॉशँक' ज्याने बघितला त्याला पहिल्याच वेळी आवडला.

रात्रपाळी

'डंकर्क'बद्दल माझीही एक तक्रार आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. तिथे ब्रिटिश फौजेबरोबर खेचरांच्या भारतीय तुकड्या होत्या, बहुतेक जवान पंजाबातले. चित्रपटात त्यांचा मागमूस नाही. नोलनची बाजू कितीही घेतली तरी याचं समर्थन मला करता येत नाही.

शनिवारचा प्रेक्षक

रात्रपाळी, तुमच्या सांगण्यावरून या शनिवारी 'डंकर्क' पुन्हा लावला. या वेळी ती सुरुवातीची अक्षरं थांबवून वडिलांना मराठीत सांगितली. आठवडा, दिवस, तास. त्यांनी मान डोलावली.

विमानातल्या माणसाच्या इंधनाचा काटा गोळीबारात बंद पडतो. तो साथीदाराला त्याचं इंधन किती उरलंय ते विचारतो आणि समोरच्या पट्टीवर खडूने लिहून ठेवतो. मागच्या वेळी हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. वडिलांच्या नाही. म्हणाले, "काटा गेला त्याचा. आता तो हिशेबावर चालवणार." त्यानंतर दर वेळी विमान दिसलं की ते खडूचे आकडे बघायला पुढे सरकायचे. किनारा, होडी, पुन्हा विमान, काळाची सगळी उलटापालट त्यांनी त्या आकड्यांवरून लावली. मला मध्येच सांगत होते की हे मघाचंच चाललंय, कारण त्याचं डिझेल अजून तेवढंच आहे.

'डंकर्क'बद्दलचं माझं मत मागे घेतो. 'टेनेट'बद्दलचं नाही.

चित्रपट संपल्यावर वडील बराच वेळ बोलत बसले. एकदा कशेडी घाटात काटा बंद पडला होता, रात्रीची वेळ, गाडीत कांदा. किलोमीटर मोजत, उतारावर गाडी नुसती सोडत ते महाडपर्यंत आले होते. ही गोष्ट त्यांनी आजवर कधीच सांगितली नव्हती. पुढच्या शनिवारी 'फ्युरी रोड' लावतोय. टँकर आहे म्हटल्यावर त्यांनी दोनदा नाव विचारून घेतलंय.