घर बांधताना गॅरेज किती मोठं, ड्राइव्ह वे किती लांब? अनुभव सांगा

साताऱ्याजवळ ४० बाय ६० चा प्लॉट आहे, रस्ता ४० च्या बाजूने. आर्किटेक्टने दोन नकाशे काढून दिलेत आणि घरात दोन तट पडलेत.

नकाशा पहिला: समोरच १२ बाय २० चं बंद गॅरेज, शटरसकट. त्याच्यापुढे गेटपर्यंत १० फूट मोकळे. नकाशा दुसरा: गॅरेज नाहीच. घराच्या डाव्या अंगाने साडेदहा फुटांची पट्टी, गेटपासून थेट मागच्या भिंतीपर्यंत, तिच्यावर मध्ये पोर्च. पहिल्यात हॉल मागे ढकलला जातो, दुसऱ्यात अख्ख्या घराची रुंदी कमी होते आणि स्वयंपाकघर रेल्वेच्या डब्यासारखं लांबट होतं.

सध्या एक स्विफ्ट आणि दोन दुचाकी आहेत. मुलीला नोकरी लागली की दुसरी गाडी येणार हे धरून चाललोय. वडिलांना गॅरेजच हवं, कुलूप लावता येणारं. बायकोचा प्रश्न एकच: "गौरी-गणपतीला तुमच्या तिन्ही बहिणी आल्या की त्यांच्या गाड्या कुठे?"

माझं मत असं झालंय की गॅरेज केवढं यापेक्षा त्याच्यासमोर किती फूट उरतात याला जास्त महत्त्व आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं, तेव्हापासून कंपन्या गाड्या कापून-छाटून त्या मापात बसवतात. ४ मीटर म्हणजे साधारण १३ फूट. आमच्या १० फुटांत तीही मावत नाही. म्हणजे एक गाडी गॅरेजमध्ये आणि दुसरी रस्त्यावर. २४०० चौरस फूट जागा असून हे करायचं का?

ज्यांना रोज गाडी काढावी-घालावी लागते त्यांनी सविस्तर लिहा.

पंचगंगाकाठ
आमचं कोल्हापुरातलं घर म्हणजे तुमचा दुसरा नकाशा. लांब पट्टी, तीन गाड्या एकामागे एक. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: आतली गाडी काढता कशी? दाराआड तीन खिळे आहेत, तिन्ही किल्ल्या तिथेच. सकाळी सगळ्यात आधी जो निघणार, त्याने रात्री सगळ्यात शेवटी गाडी आत घ्यायची. धाकटा भाऊ एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो, त्यामुळे गेटजवळची जागा त्याची. मी कुठून तरी रात्री अकराला उगवलो की हे गणित मोडतं, आणि पहाटे तो माझ्या दारावर थापा मारतो. भांडणं होतात, खोटं कशाला सांगू. पण रस्त्यावर आमची एकही गाडी नसते.

त्याच भावाच्या हळदीला गाड्या बाहेर काढून पट्टीत मांडव घातला, पंगतीही तिथेच उठल्या. बंद गॅरेजमध्ये हे झालं नसतं.

एक बघा. साडेदहा फूट म्हणजे साडेदहाच राहू द्या. आमच्याकडे प्लंबरने पाइप भिंतीबाहेरून आणला, त्यावर एसीचं युनिट टांगलं गेलं, खाली वहिनींच्या कुंड्या आल्या. आता तेवढ्या टापूत आरसे मिटून गाडी न्यावी लागते.

नकाशेवाली
व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, म्हणून आकड्यांत बोलते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत चारचाकीच्या पार्किंगचं माप अडीच मीटर बाय ५ मीटर धरलंय. कागदावर ते पुरतं. पण स्कॉर्पिओ-एन आरसे सोडून १.९२ मीटर रुंद आहे. अडीचातून ती वजा करा, दोन्ही बाजूंना जेमतेम फूट-फूट उरतो. एका फुटात दार उघडून माणूस उतरत नाही. म्हणून बंद गॅरेज करायचंच तर आतून, प्लास्टर झाल्यावर, ११ फूट मागा. नकाशात १० लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत असतं. कॉलमची जाडी गेली की हातात ९ येतात.

लांबीचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि मी ग्राहकांना हेच समजावत असते. गॅरेजसमोर एकतर ३-४ फूट ठेवा, म्हणजे तिथे गाडी लावायचा मोह कुणाला होत नाही, नाहीतर सरळ १८ ठेवा, म्हणजे मोठी गाडीही पूर्ण मावते आणि शटर उघडायला पुढे जागा राहते. मधले १० फूट धड ना इकडचे ना तिकडचे. तिथे लोक तिरकी गाडी घुसवतात, गेट लागत नाही, मग गेट कायमचं उघडं. हे मी स्वतः आखलेल्या घरांसमोरून जाताना बघते.

शटर गुंडाळल्यावर त्याची पेटी वर फूट-सव्वा फूट खाते. गाडीवर कॅरिअर असेल तर उंची आधी मोजा. आणि गेट आत उघडणारं असेल तर त्याच्या पाखांचा घेर ड्राइव्ह वेच्या लांबीतून वजा करा. सरकतं गेट हवं तर कुंपणाला लागून गेटच्या रुंदीएवढी सरळ भिंत लागते. तुमच्या ४० फुटांत ती सहज मिळेल.

पानशेत_रोड
@नकाशेवाली, ११ फुटांना दुजोरा. आजोबांनी डेक्कनला पद्मिनीच्या मापाने गॅरेज बांधलं होतं. ती गाडी जेमतेम दीड मीटर रुंद. माझी आताची गाडी त्यात जाते. मी मात्र बाहेर येत नाही. डिकीतून उतरण्याचा प्रयोग शेजाऱ्यांनी बघितल्यापासून तिथे दुचाक्या ठेवतो.

जांभा_आणि_नारळ
रत्नागिरीकडची गोष्ट वेगळी, कारण इथे प्लॉट सपाट नसतोच. आमचा रस्ता वर, घर ३ फूट खाली. हौस म्हणून कुणी लांब ड्राइव्ह वे करत नाही, उतार करायला लावतो. १ ला १० चा उतार धरला तर ३ फूट उतरायला ३० फूट लांबी हवी. १ ला ८ ने २४. शेजारच्यांनी मोठ्या गॅरेजच्या नादात १२ फुटांत ते ३ फूट उतरवले. सेदान आणली की वरच्या कडेला तिचं पोट घासतं, आवाज आमच्या पडवीत येतो. नुसता उतार कमी करूनही भागत नाही. वर आणि खाली ४-५ फूट निम्मा उतार देऊन मग मुख्य उतार घ्यावा लागतो, म्हणजे गाडी टेकत नाही.

आणि पाऊस. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो इथे. ड्राइव्ह वे जितका लांब, तितकं जास्त पाणी गॅरेजच्या दाराशी. आम्ही गॅरेजच्या तोंडाशी आडवी, पूर्ण रुंदीची चारी काढून वर लोखंडी जाळी टाकली. जाळी सुटी ठेवा, सिमेंटात पक्की करू नका. आषाढात दर दोन दिवसांनी उचलून नारळाची किशी आणि पानं काढावी लागतात. श्रावणापर्यंत शेवाळ धरतं, वर चढताना चाकं जागच्या जागी फिरतात. त्याला उपाय गवंड्याने सुचवला: काँक्रीट ओलं असतानाच काठीने तिरक्या खाचा ओढल्या, माशाच्या काट्यासारख्या नाही, एकाच दिशेने, म्हणजे पाणी एका कडेला जातं. पॉलिश शहाबाद किंवा टाइल्स उतारावर अजिबात नकोत.

लोखंडी शटर समुद्रापासून इतक्या जवळ टिकत नाही. आम्ही शटर काढून टाकलं, नुसता उघडा पोर्च आहे.

संत्रानगरी
नागपूर. आमच्याकडे प्रश्न पावसाचा नाही, नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांचा. उन्हात उभ्या गाडीचं स्टेअरिंग हाती धरवत नाही. सावली हवीच, भिंती नकोत. बंद गॅरेज होतं, ते कूलर, जुने माठ आणि आईच्या पापड-कुरडयांच्या डब्यांनी भरलं. वर उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या. आता पत्र्याचा शेड, बाजू उघड्या. झालं.

अटकेपार_एडिसन
न्यू जर्सीतून. इथे दोन गाड्यांचं गॅरेज म्हणजे साधारण २० बाय २० ते २४ बाय २४ फूट. आमचं २० बाय २० आहे. कागदावर दोन गाड्या. प्रत्यक्षात एक मिनीव्हॅन, जिची लांबीच १७ फूट आहे, आणि बाकी दुसरा फ्रिज, तांदळाची पोती, भारतातून आलेल्या आणि भारतात जायच्या बॅगा. शेजारपाजारची देशी घरं बघितली तर कुणाचीच दुसरी गाडी आत नसते. तेव्हा गॅरेज कितीही मोठं करा, सामान त्याच्या मापाने वाढतं.

ड्राइव्ह वेचं मात्र इथे दोन्ही बाजूंनी दुखतं. आखूड असेल तर गाडीची शेपटी फुटपाथवर येते आणि दंड बसतो. म्हणून नवीन घर घेताना फुटपाथच्या आतल्या कडेपासून गॅरेजच्या दारापर्यंत २० फूट आहेत का, हे मी टेप लावून बघितलं होतं. विकणारी बाई चकित झाली. लांब असेल तर बर्फ. आठ इंच पडला की प्रत्येक फूट पाठीला कळतो. आणि तुम्ही सगळं साफ केलंत की गावाचा स्नो प्लाऊ येऊन रस्त्यावरचा जड, मळका बर्फ नेमका तुमच्या तोंडाशी लोटून जातो. ड्राइव्ह वे ५ फुटांचा असो की ५० चा, तो ढीग सुटत नाही.

शिवाय इथल्या बऱ्याच गावांत प्लॉटचा किती भाग पक्का झाकता येईल यावर मर्यादा असते: घर, गॅरेज, ड्राइव्ह वे, पॅटिओ सगळं त्यातच मोजतात. ड्राइव्ह वे वाढवला की मागच्या पॅटिओला कात्री. आमच्याकडे पॅटिओ गेला.

एका_गुंठ्याचा_मालक
तुम्ही सगळे श्रीमंत आहात. आमचा नाशकात ३३ बाय ३३, बरोबर एक गुंठा. गॅरेज की ड्राइव्ह वे हा प्रश्न येतच नाही. वर खोली आणि खाली गाडी.

लिहायचं कारण वेगळं. गल्लीत सगळ्यांनी आतली जागा वाचवायला उतार गेटच्या बाहेर, रस्त्यावर काढले होते. महापालिकेचा जेसीबी आला आणि एका सकाळी सगळे उतार उखडून गेला. गाड्या आत होत्या त्या आतच राहिल्या, लोकांनी फळ्या टाकून काढल्या. उतार कुंपणाच्या आतच बसवा, त्यासाठी लांबी आधीच धरा. दुसरं, रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर येतो, जुना कुणी खरवडत नाही. घर बांधलं तेव्हा आमचं पार्किंग रस्त्यापेक्षा वर होतं, आता रस्ता वर आहे. पार्किंगची लेव्हल रस्त्यापासून दीड फूट तरी उंच घ्या.

माईंची_सून
सगळे गाडीच्या मापाबद्दल बोलताहेत. उतरणाऱ्या माणसाबद्दल कुणी बोलेल का? सासूबाई ८१ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात. पुढच्या डाव्या सीटवर बसतात. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे, त्यामुळे गाडी लावताना डावी बाजू भिंतीला चिकटवायची सवय असते. म्हणजे ज्यांना उतरायला सगळ्यात जास्त जागा लागते त्यांच्याच बाजूला भिंत! मग त्यांना गेटबाहेर उतरवायचं, पावसात एका हाताने छत्री, दुसऱ्याने वॉकर, आणि मागून रिक्षावाल्याचा हॉर्न.

पुण्यातलं घर नव्याने बांधलं तेव्हा मी एकच अट घातली: पोर्चखाली गाडीच्या डाव्या बाजूला ४ फूट मोकळे, आणि तिथून घरात पायरी नाही. त्यासाठी मागची पट्टी बंद झाली, दुसरी गाडी बाहेर असते. नवरा कुरकुरतो. माई दारातून थेट सीटवर बसतात.

साताऱ्याचा (धागाकर्ता)
@माईंची_सून, वडील ७६ वर्षांचे आहेत. आमच्या मनात हे आलंच नव्हतं. साडेदहाच्या पट्टीत भिंत आणि ४ फूट दोन्ही बसत नाही, पोर्चपुरती पट्टी १३ करता येईल का विचारतो.

टाकीवर_गाडी
धागाकर्ते, पाण्याची टाकी कुठे आहे नकाशात? बऱ्याच जणांची ड्राइव्ह वेखालीच येते, कारण दुसरी जागा उरत नाही. झाकण चाकांच्या वाटेत येऊ देऊ नका, दोन चाकांच्या मध्ये आलं तरी गाडी हलवल्याशिवाय टाकी धुता येत नाही. टाकीच्या स्लॅबचं लोखंड गाडीचं वजन धरून काढायला सांगा. आणि पेव्हर ब्लॉक टाकणार असाल तर ६० मिलिमीटरचे चालतात, पण पाण्याचा टँकर किंवा सामानाचा टेम्पो आत येणार असेल तर ८० चे घ्या.

नकाशेवाली
रस्ता किती रुंद आहे ते सांगितलं नाहीत. २० फुटी गल्लीतून १० फुटांच्या गेटमध्ये मोठी गाडी एका वळणात सहज येत नाही.

साताऱ्याचा (धागाकर्ता)
रस्ता २० फूटच. आणि डाव्या कोपऱ्यात, गेट येणार तिथे, महावितरणचा खांब आहे.

नकाशेवाली
मग नकाशा उलटा करा, पट्टी उजवीकडून. खांब हलवायचा तर अर्ज, खर्च आणि वाट बघणं. गेट १२ फुटांचं घ्या, आणि गेटचे खांब काटकोनात न बांधता रस्त्याच्या बाजूने तिरके कापा, वळण सुटतं. पोर्चपुरते १३ फूट मिळतील, पण स्वयंपाकघर आणखी अडीच फूट आत जाईल.

साताऱ्याचा (धागाकर्ता)
उजवीकडे स्वयंपाकघर नाही, माझी अभ्यासिका आहे. बायकोला विचारलं, ती म्हणाली लगेच करा.