मॉडिफाय केलेल्या थारचा विमा: कंपनीला काय सांगू, काय नको?

ओढ्यापलीकडचा

राम राम मंडळी. पाटण तालुक्यात माझं छोटं दूध संकलन केंद्र आहे. हेळवाकच्या वरच्या अंगाला दोन वाड्या अशा आहेत की जून ते सप्टेंबर तिकडं साधी गाडी जात नाही. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून गुडघाभर पाणी आणि पुढं अर्धा किलोमीटर लाल चिखल. म्हणून गेल्या वर्षी कराडच्या एका हौशी माणसाकडून थार सीआरडीई घेतली. २०१५ चं मॉडेल, फोर बाय फोर.

आता गाडीवर काय काय केलंय ते ऐका. पुढं टॉर्शन बार वर घेतलेत, मागं पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे गाडी दोन इंच उचललेली. एकतीस इंची मड टेरेन टायर. पुढं जाड पत्र्याचा लोखंडी बंपर, त्यात विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची मोटरवरची चरखी. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी नळी. मूळची कापडी टपाची, तिच्यावर फायबरचं हार्डटॉप. यातलं मी काहीच केलं नाही, सगळं त्या भल्या माणसाची हौस. पण ओढ्यात उतरलं की त्याला दुवा देतो.

विमा पुढच्या महिन्यात संपतोय. एजंटला म्हटलं, हे सगळं पॉलिसीत लिहायचं का? तो म्हणाला, "त्यात काय लिहायचंय साहेब, गाडी ती गाडीच. कशाला झोपलेल्याला उठवताय?" आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ३ लाख २० हजार धरलीय. मी गाडीला साडेपाच मोजलेत.

प्रश्न दोन. अशा गाड्यांचा खास विमा देणारी एखादी कंपनी आपल्याकडं आहे का? आणि नसेल तर सांगायचं किती? सकाळी चार कॅन टाकून त्या फरशीवरून जाताना रोज हाच विचार डोक्यात असतो.

निळी_थार_पुणे

दादा, एजंटचं ऐकू नका. माझं सांगतो. नवीन थार, २०२१ ची, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) होता, इंजिन प्रोटेक्ट होतं, सगळं होतं. मुळशीकडं रविवारी एका इव्हेंटला गेलो आणि चढावर गाडी कुशीवर पडली. दोन लाख ऐंशी हजारांचं एस्टिमेट. नुकसान तपासणारा सर्व्हेअर वर्कशॉपला आला, लिफ्टबद्दल, म्हणजे गाडी उचललेली होती त्याबद्दल, एक शब्द विचारला नाही. दारावर नंबराचा स्टिकर होता, अर्धवट निघालेला. त्याच्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा सतरा नंबर कसला?" संपलं. स्पर्धेत वापरली म्हणून क्लेम गेला. स्पर्धा म्हणजे काय हो, एक ढोलकी आणि मिसळ होती.

सर्व्हेअर_काका_कोल्हापूर

मोटारीच्या नुकसानीचे सर्व्हे करण्यात तीस वर्षं गेली, आता घरी बसलोय. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मॉडिफाय केलेल्या जीपसाठी वेगळी पॉलिसी असा प्रकार आपल्याकडं मी पाहिलेला नाही. कंपनी कुठलीही घ्या, आत तीच प्रायव्हेट कार पॅकेज पॉलिसी. तिच्यातच काय बसतं आणि काय बसत नाही, हे ओळखायचं.

तुमच्या गाडीवरच्या वस्तूंचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात अ‍ॅक्सेसरी. विंच इलेक्ट्रिकल. २००२ च्या मोटार टॅरिफपासून (हप्त्यांच्या दरपत्रकापासून) इलेक्ट्रिकल वस्तूला तिच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता अशी पद्धत आहे, बहुतेक कंपन्या आजही त्याच्याच आसपास घेतात. विंच ४५ हजारांची धरली तर अठराशे रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २,१२४. बाकीच्या बिगर-इलेक्ट्रिकल वस्तू वेगळ्या किमतीनं लिहून घेता येतात. पॉलिसीवर तसे दोन रकाने छापलेलेच असतात, लोकांच्या पॉलिसीत तिथं शून्य असतं. शून्याचा क्लेम शून्य.

दुसऱ्या ढिगात गाडीची मूळ ठेवणच बदलणारं काम. इथं विमा नंतर, कायदा आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. लोखंडी बंपरचं आणखी वेगळं: क्रॅश गार्ड आणि बुलबार काढायला लावा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. पादचाऱ्याला लागतो आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्का नीट पोचत नाही, ही कारणं. तुमच्या जुन्या थारला एअरबॅग नाहीत, पण फरशीवर समोरून येणाऱ्या माणसाला गुडघा आहे.

बेकायदा बदलाला जादा हप्ता भरून तो कायदेशीर होत नाही. एजंट "लिहू नका" म्हणतो त्याचं कारण हेच: लिहिलं तर कंपनी विचारणार, आरसीवर नोंद आहे का? हार्डटॉपचं आधी बघा. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय?

आता लोकांची एक समजूत. बदल सापडला की सगळा विमा रद्द, असं प्रत्येक वेळी होत नाही. मागून ट्रकनं ठोकलं तर त्यात स्नॉर्कलचा काय संबंध, असं भांडता येतं. अटीचा भंग झाला तरी पूर्ण नकार न देता क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड करण्याची वाट सुप्रीम कोर्टानं २०१० च्या एका निकालात धरली आहे. पण गाडी वळणावर उलटली आणि ती दोन इंच उचललेली असली, तर संबंध मी स्वतःच रिपोर्टात लिहिला असता. लिहिलाही आहे.

थर्ड पार्टीचं वेगळं. समोरच्या जखमी माणसाला कोर्ट बहुतेक वेळा कंपनीकडून पैसे देववतं आणि मग कंपनीला मुभा देतं की मालकाकडून वसूल करा. म्हणजे तुमच्या सातबाऱ्यावर येतं. पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता जून २०२२ मध्ये ७,८९७ ठरला. तेवढा भरला म्हणजे सुटलो असं नाही.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचा सगळा कारभार ओढ्यातला. २०१९ च्या ऑगस्टात इकडं पूर उतरल्यावर मी रांगेनं गाड्या पाहिल्या. डिपस्टिक ओढायची. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं, पाणी इंजिनात गेलं. मग मालकाला विचारायचं, चावी मारली होती का? निम्मे लोक अभिमानानं सांगायचे, "मारली की, दोनदा फिरली आणि मग धाडकन थांबली." ते धाडकन म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी दाबलं जात नाही, मग रॉडच वाकतो. बुडाल्याचं नुकसान वेगळं आणि चावी मारल्यानं झालेलं वेगळं, असं कंपनी धरते. ते दुसरं साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट लागतं. आणि तो अ‍ॅड-ऑन साधारण पहिली पाचेक वर्षंच मिळतो. तुमच्या २०१५ च्या गाडीला मिळणं कठीण. स्नॉर्कल असला तरी दाराच्या रबरातून, गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून पाणी जातंच. गाडी ओढ्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका. ट्रॅक्टर बोलवा.

आयडीव्हीचं: पाच वर्षांपुढच्या गाडीला ठरलेला तक्ता नाही, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची. तेव्हा ३ लाख २० हजार हा आकडा आकाशातून आलेला नाही, घासाघीस करा. पण वाढवून फार आनंदू नका. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टला निम्मा घसारा, रबर-प्लास्टिक-टायर-बॅटरीला निम्मा, फायबरला तीस टक्के. पूर्ण आयडीव्ही मिळते ती दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या पुढं गेला तर किंवा गाडी चोरीला गेली तर.

आणि हे सगळं लिहून झाल्यावर तुमचा प्रश्न परत वाचला. शेवटच्या ओळीत अडकलो. चार कॅन. दूध विकायचं, गाडी खासगी नंबरची. प्रायव्हेट कार पॉलिसीत वैयक्तिक सामान आणि नमुने सोडून माल वाहायला कव्हर नाही. लिफ्ट, टायर, बंपर यांवर मी भांडलो असतो. कॅनवर नाही भांडता येणार. अपघाताच्या फोटोत रस्ता पांढरा दिसला की सर्व्हेअरला काही विचारावं लागत नाही.

निळी_थार_पुणे

काका 🙏 रस्ता पांढरा... चहा सांडला माझा.

लीड्सकर

इकडचं सांगतो, तुलनेपुरतं. माझ्याकडं जुनी डिफेंडर आहे, लिफ्ट, विंच, स्नॉर्कल सगळं. ब्रिटनमध्ये मॉडिफाय गाड्यांसाठी खास ब्रोकर असतात. एकेक वस्तू फॉर्मवर लिहायची, पावत्या आणि फोटो जोडायचे. दोन गोष्टी मागून घ्यायच्या: गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली, आणि बसवलेला पार्ट गेला तर त्याच तोडीचा पार्ट. ही दुसरी अट नसेल तर कंपनी मूळ बंपरचे पैसे देऊन मोकळी होते. २०१२ च्या कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नांची नीट काळजी घेऊन खरी उत्तरं देणं ही ग्राहकाची जबाबदारी. पण इथंही सार्वजनिक हक्काच्या कच्च्या वाटेवर कव्हर आणि पैसे भरून चिखलात खेळायच्या मैदानावर बहुधा नाही. सतरा नंबरवाल्याचं इथंही काही खरं नव्हतं.

ओढ्यापलीकडचा

काका, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण तुमचं वाचून जरा गप्पच झालो. आरसी काढून बघितली. बॉडीच्या पुढं सॉफ्ट टॉपच आहे. आणि एक नवीनच: आरसी माझ्या नावावर झाली, पॉलिसी अजून कराडच्याच नावावर.

सर्व्हेअर_काका_कोल्हापूर

हे सगळ्यात आधी करा, पुढचा महिना उजाडायची वाट पाहू नका. गाडी विकली की थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडं येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चौदा दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. म्हणजे गेलं वर्षभर तुम्ही ओढ्यात देवाच्या भरवशावर उतरत होता. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही. नूतनीकरणात तो धरून हप्ता कमी दाखवला असेल तर काढायला सांगा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघेल.

मग कंपनीच्या ई-मेलवर, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, लिहा: गाडीवर ही ही वस्तू बसवलेली आहे, फोटो जोडले आहेत, कृपया तपासणी करून घ्या. पॉलिसी खंडित नसेल तर कंपनी तपासणी करत नाही, म्हणून आपणच मागायची. मान्य केलं तर पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे तशी लेखी नोंद, येईल. नकार आला तर तोही लेखी राहील. पुढं क्लेमवर वाद झालाच तर विमा लोकपाल आहे, सातारा जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय, फी नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे घेतात. पण लोकपालही आधी तेच विचारतो: कंपनीला कधी सांगितलं होतं?

ओढ्यापलीकडचा

काल कराडला जाऊन आलो. मूळ बंपर आणि कापडी टप त्या भल्या माणसाकडं होतंच. टप माळ्यावर, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. बंपर गोठ्यात, त्याच्या आत कोंबडी अंड्यावर बसलेली. त्याची आई म्हणाली, अजून आठ दिवस थांबा, मग न्या. थांबतो म्हटलं. तोवर नावाचा अर्ज दिलाय, शॅकल खाली उतरवायला मिस्त्री सांगितलाय, विंचची पावती तो शोधतोय. कॅनसाठी मामांच्या पिकअपशी बोललोय. पिकअप फरशीपर्यंत येईल, पुढच्या दोन वाड्यांचं दूध खांद्यावरून आणायला लागणार.